फटफटी घेताना

आवाजावरून नाव मिळण्याचे भाग्य फार थोड्या यंत्रांच्या वाट्याला आले आहे. मोटारसायकलला ते महाराष्ट्रात लाभले. लांबलचक परकी नावाशी झटापट करीत न बसता खेड्यापाड्यांतील लोकांनी तिच्या मागच्या नळीतून निघणारा आवाज ऐकला आणि तिला 'फटफटी' म्हणून टाकले. हल्लीच्या नव्या गाडीचे इंजिन इतक्या हळू आवाजात बोलते, की तिला फटफटी म्हणणे म्हणजे कुजबुजणाऱ्या माणसास कीर्तनकार म्हणण्यासारखे आहे. तथापि बार्शीच्या बाजारपेठेत वयस्कर मंडळींच्या तोंडचा तो शब्द काही जात नाही, आणि जाऊही नये.

बार्शीला चाकांचे नवल नवे नव्हे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियराने अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवर धावणारी आपली 'बार्शी लाइट रेल्वे' १८९७ साली येथे सुरू केली. तिची गंमत तिच्या लहानपणात नव्हती, भाराच्या वाटणीत होती. गाडीच्या कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक ओझे येऊ द्यावयाचे नाही, असा कॅलथ्रॉपचा दंडक होता. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही भारी माल सुखरूप जाई. ती रेल्वे १९५४ साली सरकारच्या मालकीची झाली आणि पुढे त्या अरुंद रुळांच्या जागी रुंद रूळ आले. परंतु कॅलथ्रॉपचा धडा मात्र जुना झालेला नाही. दुकानाच्या काचेआड उभ्या असलेल्या चकचकीत मोटारसायकलींपैकी कोणती घ्यावी, अशा विचारात पडलेल्या बार्शीकर तरुणाला तो आजही उपयोगी पडेल.

पूर्वी हा विचार करण्याचे कारणच पडत नसे. १९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली व बुलेट या देशात तयार होऊ लागली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने १९६१ पासून १९९६ पर्यंत प्रथम जावा व नंतर येझदी दिली. आणि एस्कॉर्ट्सच्या राजदूतने गावोगावच्या गवळ्यांच्या दुधाच्या किटल्या वाहिल्या. जी मिळेल ती घ्यावयाची, तीही नंबर लावून. १९८५ मध्ये हिरो होंडाची चार टप्प्यांच्या इंजिनाची गाडी आली आणि घराघरांत एकच प्रश्न उरला: लिटरला किती देते? मोटारसायकल म्हणजे घरचे एक जनावर. कमी खावे व पुष्कळ ओढावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. ही समजूत मोडली ती पुण्याच्या बजाज ऑटोने. २००१ साली त्यांची पल्सर निघाली आणि दीडशे व एकशेऐंशी सीसीची, अंगाने भरलेली गाडी मध्यम स्थितीतल्या मुलाच्या आवाक्यात आली. पुढे बजाजच्याच चाकणच्या कारखान्यांतून २०१२ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीची ड्यूक आणि २०२३ मध्ये इंग्लंडच्या ट्रायम्फची ३९८ सीसीची गाडी बाहेर पडली. बार्शीहून सुमारे दोनशे किलोमीटरांवर जगातल्या नामांकित गाड्या जुळू लागल्या. तरुणांची दृष्टी फिरली तर त्यांना दोष कसा द्यावा?

ज्या गाडीकडे ही दृष्टी लागलेली असते तिचे रूप ओळखणे सोपे आहे. तिच्या अंगावर वारा अडविणारे कवच नसते. इंजिन व सांगाडा उघडा दिसतो. तिचे हँडल फार खाली नसते, फार वरही नसते. तिच्यावर बसलेला मनुष्य शर्यतीच्या घोड्यावर मान घातलेल्या जॉकीसारखा दिसत नाही आणि आरामखुर्चीत रेललेल्या वकिलासारखाही दिसत नाही. शहरातील गल्ली, तालुक्याची सडक आणि कधीमधी लांबचा महामार्ग, असा तिन्ही ठिकाणी संसार करणारी ही रस्त्याची गाडी.

आता घरातील प्रसंग पाहावा. मुलगा नोकरीला लागलेला आहे किंवा डाळीच्या पेढीवर बसू लागला आहे. दसरा तोंडावर आलेला आहे. मुलाच्या मनात चारशे सीसी, वडिलांच्या मनात शंभर, आणि आईचा एकच प्रश्न: "मागे मला बसता येईल का रे?" मुलगा या प्रश्नाला हसतो. वस्तुतः तिघांमध्ये आईचा प्रश्न सर्वांत मार्मिक आहे. नव्या गाड्यांचे मागचे आसन शेपटीसारखे वर उचललेले व वीतभर रुंद असते. लुगडे नेसून एका बाजूस बसणाऱ्या स्त्रीला तेथे तोल सावरता येत नाही. मागे बसणाऱ्यास धरावयास मूठ हवी, पाय ठेवावयास आधार हवा व पदर चाकात जाऊ नये म्हणून मागचे चाक निम्मे तरी झाकलेले हवे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक नियमच आहे. आणि शोभेला बाध येतो म्हणून पुष्कळ तरुण नेमके तेच झाकण आठवड्याच्या आत काढून टाकतात. ज्या गाडीवर घरातील दुसरे माणूस निर्धास्त बसू शकत नाही, तिच्यासाठी घरातील सर्वांच्या पैशांतून हप्ता का भरावा, हे आईने विचारलेले नसते; पण प्रश्नाचा अर्थ तोच असतो.

सीसीच्या वादात बहुधा बाप आणि मुलगा दोघेही चुकतात. सीसी म्हणजे नळकांड्यात मावणारी जागा. तो आकडा काही शौर्याचे माप नव्हे. दीडशे-एकशेसाठ सीसीची गाडी बारा ते सतरा अश्वशक्ती देते, तिचे वजन सुमारे एकशेचाळीस-एकशेपन्नास किलो असते, आणि बार्शीहून वैराग, कुर्डुवाडी, परंडा या वाटांवर तिला कधी धाप लागत नाही. चारशेची गाडी घ्यावी ती ज्याला टेंभुर्णीवरून महामार्गाला लागून पुण्याला वरचेवर जावयाचे आहे त्याने. त्यातही सरकारने आता एक रेघ ओढलेली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलीवरील वस्तू व सेवा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरा टक्के झाला आणि त्यावरील गाड्यांचा चाळीस टक्के. या रेघेच्या पलीकडे पाय टाकावयाचा असेल, तर त्याचे कारण मित्रांना सांगण्याजोगे असून भागत नाही. ते वडिलांना सांगण्याजोगे असावे.

कॅलथ्रॉपचा धडा उपयोगी पडतो तो येथे. बघावयाचे ते इंजिन किती मोठे हे नव्हे, तर गाडीचा भार कोठे आहे व तो बसणाऱ्याला पेलतो की नाही हे. दुकानात गाडीवर बसून दोन्ही पावले जमिनीला टेकतात का पाहावे. मग खाली उतरून ती हाताने ढकलून वळवून, मागे घेऊन पाहावी. चिखलात, गर्दीत आणि भगवंताच्या देवळापाशी एकादशीच्या दिवशी इंजिन चालवीत नसते. मनुष्यच तिला चालवीत असतो. ज्याला रिकामी गाडी आवरत नाही त्याला आई मागे बसल्यावर ती कशी आवरेल?

किमतीचा कागद हाती आला म्हणजे शेवटच्या आकड्याकडे न पाहता ओळीने वाचावा. गाडीची किंमत, एकदाच भरावयाचा रस्ता-कर, नोंदणी, आणि विमा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, म्हणून ती रक्कम डोळ्यांत भरते. ती वाजवी आहे. तिच्या खाली शोभेच्या वस्तूंची जी रांग लागते ती वाजवी असतेच असे नाही. ते पैसे वाचवून चांगले शिरस्त्राण घ्यावे. १ जून २०२१ पासून आयएसआयचा शिक्का नसलेले शिरस्त्राण विकण्यास मनाई आहे, तरी रस्त्याच्या कडेला चटईवर मांडलेली टोपडी विकली जातात. ती पोलिसापासून वाचवितात, दगडापासून नव्हे. आणि एक घेऊन भागत नाही. मागे बसणाऱ्याचे डोकेही तेवढेच कठीण, किंबहुना तेवढेच मऊ, असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र दुकानात कोणी सांगत नाही. गाडी पळविणे सर्वांना येते. थांबविणे फार थोड्यांना. या भागात एक जुना समज घट्ट बसला आहे, की पुढचा ब्रेक लावला की मनुष्य डोक्यावर पडतो, म्हणून पाय मागच्या ब्रेकवर ठेवावा. खरा प्रकार उलट आहे. गाडी थांबू लागली की सारा भार पुढच्या चाकावर येतो. मागचे चाक हलके होऊन घसरू पाहते. म्हणून थांबविण्याचे दोनतृतीयांशाहून अधिक काम पुढच्या चाकाचे. ब्रेक एकदम न आवळता, लिंबू पिळल्यासारखा क्रमाने दाबावयाचा, एवढेच तंत्र. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या गाडीला एबीएस नावाची योजना सक्तीची झाली आहे. ब्रेक कितीही आवळला तरी ती चाक जागच्या जागी अडकू देत नाही. मोठी उपकारक वस्तू आहे. परंतु सुट्या खडीवर किंवा पहिल्या पावसात शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेल्या काळ्या मातीच्या चिखलावर तिचाही इलाज चालत नाही.

आणि मग ऊस. दिवाळी झाली की सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, तांबडी चमकपट्टी नाही, असली तरी धुळीने माखलेली. रात्री वैरागच्या रस्त्याने येणाऱ्या दुचाकीस्वाराला समोरच्या वाहनासाठी दिव्याचा झोत खाली घ्यावा लागतो. त्या झोतात अशी काळी भिंत चाळीस-पन्नास मीटरांवर आली म्हणजे डोळ्यांना कळते. आता शाळेतले साधे गणित करावे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. धोका पाहून हात ब्रेकवर येईपर्यंत तो एक सेकंद गेला. पुढे चांगल्या सडकेवर थांबावयास सुमारे १२ मीटर. एकूण २३. जीव वाचला. वेग ८० असेल तर पहिल्याच सेकंदात २२ मीटर सरतात आणि ब्रेकचे अंतर दुप्पट न होता चौपट, म्हणजे सुमारे ४९ मीटर होते. एकूण ७१. ट्रॉली पन्नासावर उभी आहे. हे गणित चारशे सीसीच्या गाडीलाही तेच आणि शंभर सीसीच्या गाडीलाही तेच. दर हंगामात वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात चार ओळींची जी बातमी येते, ती बहुतेक वेळा याच एकवीस मीटरांची असते. वडिलांनी मुलाशी सीसीवरून भांडण्याऐवजी हे गणित एकदा कागदावर त्याच्याकडूनच सोडवून घ्यावे. आणि उसाच्या हंगामात दिवेलागणीनंतर परगावाहून निघावयाचे नाही, निघालेच तर चाळिशीच्या वर जावयाचे नाही, एवढी एक अट घालून गाडी खुशाल त्याच्या आवडीची घेऊ द्यावी. (त्याच उसाच्या मळीचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळून गाडीच्या टाकीत येते. एकाच पिकाने वाट अडवावी आणि त्यानेच वाटखर्चही पुरवावा, हे या जिल्ह्याचे खास वैशिष्ट्य म्हणावे लागेल.)

येथवर सारे भयच सांगून झाले. पण केवळ भयासाठी कोणी मोटारसायकल घेत नाही. श्रावणातल्या एखाद्या रविवारी पहाटे हा तरुण बार्शीहून पांगरीच्या रस्त्याने निघतो. दोन्ही बाजूंस उडीद व सोयाबीन अंगभर हिरवे झालेले असते. मोटारीच्या काचेआड बसलेल्याला न कळणाऱ्या गोष्टी त्याला कळतात: ओढ्यापाशी हवा दोन अंशांनी गार होते, कोणत्या वस्तीवर चूल पेटली आहे आणि कोणत्या शेतात कालच पाऊस झाला आहे, हे वासावरून समजते. पुढे बालाघाटाचा चढ लागतो आणि सडक वळणे घेऊ लागते. येथे त्या यंत्राची खरी विद्या प्रकट होते. वेगात असताना गाडीला उजवीकडे वळवावयाचे तर उजवी मूठ हलकेच पुढे ढकलावी लागते. हे ऐकून कोणाचाही विश्वास बसत नाही. पण दुचाकीचे शास्त्र असे उलटे आहे. मूठ ढकलली की गाडी उजवीकडे कलते आणि कललेली गाडी आपोआप वळते. सायकल चालविणारे प्रत्येक मूल हे नकळत करीत असते. तरुण ते जाणून करू लागला की गाडी त्याच्या खाली राहत नाही, त्याच्याबरोबर चालू लागते. पंचेचाळीस-पन्नासच्या वेगातही एका वळणातून दुसऱ्या वळणात जाताना असे सुख होते, की त्यापुढे सरळ रस्त्यावरची शंभरी अगदी नीरस वाटावी. येडशीपाशी रामलिंगाच्या देवळाकडे उतरावे. पावसाळ्यात तेथला ओढा खडकावरून कोसळत असतो आणि अभयारण्यातली माकडे नव्या गाडीच्या आसनाची पाहणी मालकापेक्षा बारकाईने करतात.

दुपारच्या आत घरी परतल्यावर साखळीचे काम असते. पावसात भिजलेली साखळी पुसून तिला तेल द्यावयाचे. एरवीही पाचशे किलोमीटरांनी ते करावेच. या नव्या गाड्यांपैकी पुष्कळांना मधला स्टँड नसतो, कारण तो वजन वाढवितो व दिसावयास बरा नव्हे, असे कारखानदारांना वाटते. म्हणून एकाने गाडी ढकलीत चाक थोडे थोडे फिरवावे आणि दुसऱ्याने तेल सोडावे. मुलगा उकिडवा बसून तेल सोडतो. वडील आसन धरून गाडी इंचाइंचाने पुढे सरकवितात. काम संपते. हात पुसता पुसता वडील विचारतात, "काय रे, लिटरला किती दिले?"