करारावर सही कोणाची?



वाटाघाटी की बळाचा वापर, या विषयावरील परिषदेसाठी मुंबईत आलेल्या सर्वांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. हा विषय या शहराला परका नाही. परमवीरचक्राचे मानकरी मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मले. महार रेजिमेंटच्या या अधिकाऱ्याच्या तुकडीवर २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत रात्रीच्या अंधारात दबा धरून हल्ला झाला. छातीत गोळी लागली, तरी समोरच्याच्या हातातली रायफल हिसकावून त्यांनी त्याला टिपले.

तिथे ते गेले होते भारतीय शांतिसेनेतून. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. तमिळ बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवायची, प्रांतांना अधिकार मिळायचे आणि भारतीय फौजेने लढाई थांबल्याची खात्री करायची, असे ठरले. मात्र त्यावर लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेची सही नव्हती. सिंहली समाजही खवळला होता. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना राजीव गांधींवर एका नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता हाणला. ऑक्टोबरात शांतिसेनेची लिट्टेशीच लढाई जुंपली. मार्च १९९० मध्ये ती परतली, तोवर हजाराहून अधिक भारतीय जवान कामी आले होते.

जवानांच्या शौर्यात तसूभरही उणे नव्हते. लढणाऱ्यांना वगळून दोन सरकारांनी आपसात ठरवले, त्याची किंमत जवानांनी मोजली.

याच पंतप्रधानांच्या काळात, वर्षभर आधी मिझोराममध्ये वेगळे घडले. तिथले बंड मोडण्यासाठी १९६६ मध्ये ऐजॉलवर हवाई दलाने बॉम्ब टाकले होते, गावेच्या गावे उठवून दुसरीकडे वसवली होती. तरी बंड वीस वर्षे धुमसत राहिले. ३० जून १९८६ च्या करारावर खुद्द बंडखोर नेते लालडेंगा यांनी सही केली. काँग्रेसचे मुख्यमंत्री लालथनहॉला यांनी त्यांच्यासाठी खुर्ची सोडली. सत्तेवरच्या माणसाने एवढा मोठेपणा दाखवावा, हे विरळाच!

श्रीलंकेत २००९ मध्ये फौजेने लिट्टेला संपवले, मग बळानेच प्रश्न सुटला ना, असे कोणी विचारील. बंदुका थांबल्या हे खरे. पण १९८७ च्या करारातून आलेल्या तेराव्या घटनादुरुस्तीत प्रांतांना जमीन आणि पोलिसांचे अधिकार देण्याची तरतूद आहे. युद्ध संपल्यावरही ते पूर्णपणे प्रांतांच्या हाती आले नाहीत. प्रतिनिधींनी चर्चेची सुरुवात या अधिकारांपासून करावी, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.