घरासाठी लाँगआर्म मशीन निवडताना

घरच्या साध्या शिलाई मशीनच्या हाताखाली जेमतेम 6-7 इंच जागा. मोठ्या गोधडीची गुंडाळी तिथे अडकते. लाँगआर्म मशीनमध्ये ही जागा बहुधा 18 इंच किंवा जास्त असते. थर चौकटीवर ताणलेले राहतात, मशीनच रुळांवरून फिरते.

आधी खोली मोजा. मोठ्या गोधडीला चौकट 10 ते 12 फूट लागते, शिवाय पुढे-मागे उभं राहायला जागा. तेवढी नसेल तर बसून चालवायचं मॉडेल बघा. त्यात कापड हातानं फिरवावं लागतं. चौकटीवरच्या मशीनला स्टिच रेग्युलेटर हवाच. हात भरभर फिरो वा सावकाश, टाका एकसारखा पडतो.

दुकानात जुन्या लुगड्यांचे थर न्या, शिवून उलट्या बाजूचा टाका तपासा. दुरुस्तीची सोय जवळ असेल तरच पैसे मोजा.