पावसाळ्यात गाडी कुरकुरते तेव्हा

पावसाळ्यात घरच्या सेडान गाडीच्या तीन कुरबुरी हमखास डोकं वर काढतात.

पहिली, किल्ली फिरवली की नुसतं ‘टक टक’ होतं. दोष बहुधा बॅटरीचा असतो. बॉनेट उघडून टर्मिनल पाहा. त्यांवर पांढरट-हिरवट थर साचला असेल, तर हातमोजे घालून आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर सोडवा. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल घासा, कोरडी करा आणि वायरी उलट्या क्रमाने घट्ट जोडा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते; आकडा १२च्या आसपास उतरला, तर ती चार्ज करायलाच हवी.

दुसरी, काचेवर आतून धरणारं धुकं. एसी लावा, वारा काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत येऊ द्या.

तिसरी, डाव्या सीटपुढचं ओलं कार्पेट. पाणी स्वच्छ असेल, तर एसीची ड्रेन नळी तुंबली असण्याची शक्यता मोठी. चिकट, गोडसर वासाचं असेल, तर बहुधा कूलंट गळतंय. गाडी लगेच मेकॅनिकला दाखवा.

एसी चालू असताना गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकतं, तो मात्र बिघाड नव्हे. त्यासाठी गॅरेज गाठू नका.