गलांड्याच्या जाती ओळखताना

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले पाऊस बेतानंच पडणारे तालुके. कमी पाण्यावर तग धरणारा आणि ऐन उन्हाळ्यात इतर फुलांची चणचण असताना हारवाल्यांची गरज भागवणारा गलांडा, म्हणजेच गॅलार्डिया, अशा भागाला मानवतो. एखाद्या वाफ्यात नीट पाहिलं तर त्याची दोन रूपं दिसतात. एकाला मधे गोल गोंडा आणि भोवती सपाट, टोकाशी तीन दात कातरल्यासारख्या पाकळ्या. दुसरं फूल चेंडूसारखं भरगच्च. कोणी लाल, कोणी निव्वळ पिवळं, कोणी लालावर पिवळी किनार ल्यालेलं. पाहणारा सहज म्हणतो, या दोन-तीन वेगळ्या जाती असणार. माझं म्हणणं असं, की रंग आणि भरगच्चपणा या दोन्ही खुणा इथे फसव्या आहेत. जात ठरवायची तर झाडाच्या बुडाशी जायला हवं.

भरगच्च फुलातली एकेक ‘पाकळी’ सुटी करून पाहा. ती सपाट नसते; कर्ण्यासारखी नळी असते आणि तिच्या तोंडाला दाते असतात. गलांड्याचं एक फूल म्हणजे अनेक बारीक फुलांचा समूह. त्यातल्या कडेच्या फुलांनी सपाट जिभेऐवजी नळीचा आकार घेतला, की फूल गोंडेदार होतं. हा वाणातला फरक आहे, जातीतला नव्हे. सपाट आणि गोंडेदार दोन्ही फुलं ‘गॅलार्डिया पुल्केला’ या एकाच जातीत येतात. ही जात मूळची अमेरिकेच्या दक्षिण भागातली आणि मेक्सिकोतली. रंगाचंही तेच. रानात तिची फुलं बहुधा लाल, पिवळ्या टोकांची. पण पेरणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिच्यातून हवे ते रंग वेगळे काढले. आता फूल मधोमध चिरा आणि बारीक फुलं खरवडून काढा. फुलाच्या बुडावर ताठ कुसळं उभी दिसतील. शेजारच्या वाफ्यातल्या झेंडूच्या फुलाचं बूड असंच खरवडलं तर ते गुळगुळीत निघतं. मात्र ही कुसळं झाड गलांड्याचं आहे एवढंच सांगतात. गलांड्याच्या कुठल्या जातीचं, ते त्यांच्यावरून कळत नाही.

त्यासाठी दुसरी जात समजून घ्यावी लागते. ‘गॅलार्डिया अरिस्टाटा’ ही उत्तर अमेरिकेतल्या थंड माळरानांची. १८०६ साली लुईस आणि क्लार्क या अमेरिकी शोधप्रवाशांच्या मोहिमेत तिचे नमुने गोळा झाले. ही बहुवर्षायू. हिवाळ्यात वरचा भाग वाळतो आणि पुढच्या हंगामात मातीलगतच्या खोडापासून नवे फुटवे येतात. या दोन जातींचा संकर युरोपातल्या बागांत, १८५७च्या सुमारास बेल्जियममध्ये पुढे आला. त्याला ‘ग्रँडिफ्लोरा’ म्हणतात. पाकिटावर नुसतं ‘गॅलार्डिया’ छापलेलं असेल, तर आत पुल्केलाचं बी आहे की या संकराचं, हे चित्रातल्या फुलावरून कळणं कठीण.

यावर कोणी म्हणेल, संकर होतो म्हणजे जात एकच नव्हे काय? तसं नाही. रानात या दोघींचे मुलूख मुख्यतः निराळे आणि जगण्याची रीतही निराळी: एक बी टाकून संपणारी, दुसरी जमिनीत तळ ठोकून राहणारी. माळ्यानं शेजारी आणल्या म्हणून जुळल्या. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आमच्याकडे गारठा असा कितीसा? छाटणी केली, पाणी दिलं, तर एकवर्षायू गलांडाही लांबतो; मग आयुष्यावरून जात कशी ठरवणार? खरं आहे, नुसते महिने मोजून चालणार नाही. झाड उपटून पाहावं. पुल्केलाला एक सोटमूळ आणि त्यावर बहुधा एकच दांडा असतो. छाटणीनंतरचे फुटवे त्याच दांड्यावर, मातीच्या वर येतात. मातीलगत जाडसर गड्डा होऊन त्यातून फुटव्यांचा झुबका निघाला असेल, तर अरिस्टाटाचं रक्त आहे असं समजायला हरकत नाही.

हा सगळा कीस कशाला, असंही विचारलं जाईल; हारात कुठलंही फूल चालतं. हारात चालतं, बियाण्यात नाही. पुल्केलाच्या झाडाला स्वतःच्या परागानं सहसा बी धरत नाही, मधमाश्यांनी दुसऱ्या झाडाचा पराग आणावाच लागतो. गोंडेदार फुलांचं बी घरचं धरणाऱ्याच्या शेजारी सपाट फुलांचा वाफा असला, तर पुढच्या पिकात भेसळ ठरलेली. बी धरायचा वाफा म्हणूनच लांब हवा, आणि त्यातली वेगळ्या रूपाची झाडं फुलू लागताच, पराग शेजारी जाण्याआधी, उपटायला हवीत. बाजारातल्या सुट्या फुलावरून मात्र पुल्केला की ग्रँडिफ्लोरा, हे मीही छातीठोकपणे सांगणार नाही. तिथे ना मूळ असतं ना गड्डा.