सातव्या महिन्यातला चहा



मैत्रिणीला सातवा महिना लागला की हल्ली एक फोन फिरतो : "सासर-माहेरची डोहाळजेवणं होतील तेव्हा होतील, आपण मैत्रिणी मिळून करू या. जेवणाचा घाट नको, चहालाच जमू." बेत छान आहे. पण चहाच तर करायचाय, हा धीर पातेलं गॅसवर चढेपर्यंतच टिकतो.

वीस जणींसाठी सव्वा लिटर पाणी आणि तेवढंच दूध घ्या. आलं ठेचून आधी पाण्यात चांगलं उकळू द्या. कच्चं आलं दुधात पडलं तर दूध नासण्याची भीती असते. गवती चहाची पातही तेव्हाच टाका. दूध वेगळं तापवून गरमच ओता आणि पावडर शेवटी घाला, माणशी एक लहान चमचा. दोन-तीन उकळ्या आल्या की गाळून थेट थर्मासमध्ये. पाहुण्या येईपर्यंत मंद गॅसवर उकळत ठेवलेला चहा कडू होतो, आणि यजमानीण मात्र 'कडक झालाय ना' म्हणत फिरते.

साखर वेगळी ठेवा. गरोदरपणातल्या मधुमेहाची तपासणी साधारण चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात होते, म्हणजे आपला कार्यक्रम ठरतो त्याच सुमारास तिचा रिपोर्टही हातात आलेला असतो. तेव्हा पेढ्यांची ऑर्डर देण्याआधी तिला एक फोन करा. आणखी एक : चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळा होतो. तिची लोहाची गोळी आणि चहा यांत तास-दोन तासांचं अंतर हवं. ज्या दिवशी तिच्यासाठी जमायचं, त्या दिवशी तिच्या हातात कोकम सरबत दिलं तर काही बिघडत नाही.

खायला दडपे पोहे करा. पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, लिंबू, नारळाचं पाणी, वर फोडणी. दडपून ठेवले की तासाभरात मुरतात आणि गरम करावे लागत नाहीत. कांदेपोह्यांचं तसं नाही. ते निवले की घशाखाली उतरत नाहीत, आणि गरम द्यायचे तर एक मैत्रीण सगळा वेळ ओट्यापाशी अडकते. सोबत सुरळीच्या वड्या. त्या स्वतः करायलाच हव्यात असं नाही. कोपऱ्यावरच्या ताईंकडून मागवा.

हिरवी साडी, मोगऱ्याचे दागिने, फुलांचा झोपाळा, सगळं करा. पण पाठीला आधार नसलेल्या झोपाळ्यावर तिला फोटोंसाठी दीड तास बसवू नका. दहा मिनिटांत फोटो उरका आणि पाठीची खुर्ची द्या, पायाखाली पाट द्या.

दोन झाकलेल्या वाट्यांचा खेळ मला आता नकोसा वाटतो. पेढा निघाला की मुलगा, बर्फी निघाली की मुलगी. आणि पेढ्याला टाळ्या जरा जास्तच पडतात. ज्या महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा केला, तिथल्याच दिवाणखान्यात हा खेळ हसतखेळत चालतो. कायदा वाट्यांना अडवत नाही, हे खरं. पण उखाण्यांत वेळ छान जातो, आणि कुणी डोहाळ्यांची गाणी म्हणणारी मावशी असेल तर मग वाट्यांची आठवणही होत नाही.

राहिली ओटी. विधवा मैत्रीण, मूल नसलेली मैत्रीण, लग्नच न केलेली मैत्रीण : यांना चहाला बोलवायचं आणि ओटीच्या वेळी मागच्या रांगेत बसवायचं, हे मी शिकल्यासवरल्या घरांतही पाहिलं आहे. कुणी बोलत नाही. त्या स्वतःच कप विसळायला आत जातात. हे टाळायचं तर ओटी कोणाकोणाकडून भरून घ्यायची, हे डोहाळकरणीलाच आधी विचारून ठेवा. थोरल्यांना काय चालेल याचा आपण अंदाज बांधत बसतो, आणि तिने मनात नावं कधीच ठरवलेली असतात.