खिशांतलें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण संगणक वापरणाऱ्या कांहीं मंडळींनीं खरी करून दाखविली आहे; त्यांचें बिऱ्हाड मात्र खिशांत मावतें. बोटाएवढा पेन ड्राइव्ह परक्या संगणकास जोडावा, यंत्र त्यावरूनच चालू करावें, आणि पडद्यावर स्वतःची लिनक्स प्रणाली उभी राहावी; यजमानाच्या डिस्कला हातहि लागूं नये, अशी ही सोय आहे.

लिनक्सचा गाभा १९९१ सालीं हेलसिंकीच्या विद्यापीठांतील विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं प्रसिद्ध केला. पुढें २००० सालीं जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनीं सीडीवरूनच चालणारी ‘क्नॉपिक्स’ प्रणाली सिद्ध केली. परंतु सीडीवर पुन्हां लिहितां येत नाहीं. दिवसभर खपून केलेलें काम यंत्र बंद होतांच वाळूंतल्या अक्षरांप्रमाणें पुसलें जाई. पेन ड्राइव्हवर लिहितां येतें. त्यामुळें ही उणीव भरून निघाली.

यामागील युक्ति मोठी मौजेची आहे. मूळ प्रणाली केवळ वाचतां येईल अशा, दाबून बसविलेल्या फाइलींत असते. तिच्यावर लिहितां येण्याजोगा दुसरा थर पसरतात. पोथीच्या पानावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर टिपा लिहाव्यात, तसाच हा प्रकार. वाचणाऱ्यास दोन्ही मिळून एकच पान दिसतें. २०१४ सालच्या ३.१८ या आवृत्तींत ‘ओव्हरले’ या नांवानें ही योजना लिनक्सच्या गाभ्यांतच आली. मूळची फाइल बदलावयाची झाल्यास तिची प्रत वरच्या थरांत येते, आणि बदल त्या प्रतींत होतो. मूळची फाइल पुसली, तर ती झांकल्याची खूण तेवढी वर राहते. म्हणूनच मूळचे प्रोग्राम काढून टाकूनहि जागा मोकळी होत नाहीं, आणि नवशिका बुचकळ्यांत पडतो.

हा वरचा थर एरवीं यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतींत असतो. तो पेन ड्राइव्हवर आणावयाचा, एवढेंच काम. डेबियनमध्यें त्यासाठीं निराळा विभाग करून त्यास ‘पर्सिस्टन्स’ हें नांव द्यावें लागतें, काय टिकवावयाचें हें त्यांतील एका लहानशा फाइलींत लिहावें लागतें, आणि यंत्र चालू करतांना तोच शब्द आरंभींच्या आज्ञेंत घालावा लागतो. खरा घात येथेंच होतो. यांतलें एखादें राहिलें, तरी प्रणाली मुकाट्यानें चालते. सायंकाळीं यंत्र बंद केल्यावर दिवसाचें लिखाण गेलेलें असतें! एक रिकामी फाइल ठेवून, यंत्र पुन्हां चालू करून ती दिसते कीं नाहीं हें पाहावें, आणि मगच कामास बसावें. थरासाठीं विभागाऐवजीं फॅट३२ पद्धतीच्या जागेंत फाइल केली, तर ती ४ गिगाबाइटहून मोठी होऊं शकत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें.

काम संपण्यापूर्वीं पेन ड्राइव्ह उपटून काढणारे महाभाग आहेतच. लिहिलेला मजकूर कांहीं काळ स्मृतींतच थांबलेला असतो. घाईपायीं तो जातो, आणि थरहि बिघडूं शकतो.

शिवाय खिशांतली वस्तु हरवते. ती ज्याला सांपडेल, त्यास साधा थर सहज वाचतां येतो; पत्रें, हिशेब, सारेंच उघडें. यासाठीं ‘टेल्स’ या प्रणालींत टिकाऊ विभाग गूढाक्षरांत ठेवतात, आणि मालकानें निवडलेल्या गोष्टीच त्यांत राहतात. परवलीचे शब्द विसरल्यास मात्र तो विभाग मालकासहि उघडतां येत नाहीं.