शिडाच्या फळीवरचा हिवाळा



एखाद्याला ‘वाऱ्यावर सोडले’ म्हणजे त्याचे हाल झाले, असे आपण मराठीत समजतो. आज मला अशा मंडळींविषयी सांगावयाचे आहे, की ज्यांनी स्वतःस आपखुशीने वाऱ्यावर सोडले असून त्या वाऱ्यावरच त्यांचे पोट चालते. विंडसर्फिंग या खेळातले हे धंदेवाईक खेळाडू होत. त्यांचा उन्हाळा छायाचित्रांतून सर्वांस दिसतो. मी बोलणार आहे तो त्यांच्या हिवाळ्याविषयी.

प्रथम साधनाची ओळख करून घेऊ. एक तरंगती फळी आणि तीवर शिडाची काठी. पण ही काठी होडीच्या डोलकाठीसारखी पक्की रोवलेली नसते. तिच्या बुडाशी असा सांधा असतो की ती कोणत्याही बाजूस कलावी. या रचनेच्या पेटंटासाठी कॅलिफोर्नियातील जिम ड्रेक व हॉइल श्वाइट्झर यांनी १९६८ साली अर्ज केला. फळीला सुकाणू नाही. काठी पुढे कलविली की फळीचे नाक वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलविली की वाऱ्याकडे वळते. सुकाणू, ताणाचे दोर आणि नावाडी, ही तिन्ही कामे एका माणसाच्या देहाने करावयाची! १९८४ साली लॉस एंजेलिस येथे या खेळास ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले.

आपल्या कोकणपट्टीवर हिवाळ्यात पहाटे मतलई आणि दुपारी खारा वारा असा सौम्य क्रम असतो. युरोपच्या उत्तर किनाऱ्यावर मात्र याच दिवसांत वाऱ्याचा सुकाळ होतो. नडते ती थंडी. उत्तर समुद्राचे पाणी तेव्हा पाचसहा अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, आणि पाणी शरीरातील उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. म्हणून अंगाला घट्ट बसणारा निओप्रीन रबराचा पोशाख घालतात; त्या रबरात कोंडलेले सूक्ष्म बुडबुडे ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. अंग झाकले, पण हातांचे काय? जाड मोजे घातले तर मूठ आवळताना प्रत्येक वेळी रबराशी झुंजावे लागते, आणि मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू थोड्याच वेळात भरून येतात. म्हणून पुष्कळजण हाताची पाठ झाकून तळवा उघडा ठेवणारे मोजे वापरतात. बोटे बधिर होतात ती होतातच. खरी कळ लागते ती किनाऱ्यावर परतल्यावर, त्यांत पुन्हा रक्त खेळू लागते तेव्हा. पदार्थविज्ञानाची गोडी असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. शून्य अंशावरची हवा तीस अंशांवरच्या हवेपेक्षा सुमारे दशांशाने जड असते. त्यामुळे वाऱ्याचा वेग तोच असूनही हिवाळ्यात शिडावरचा दाब वाढतो.

ज्याच्या पाठीशी पैसा किंवा संघ असेल तो थंडीच्या पक्ष्यांप्रमाणे दक्षिणेची वाट धरतो. स्पेनचे कादिझ आणि कॅनरी बेटांतील लान्झारोटे ही अशा हिवाळी सरावाची ठिकाणे होत. काही वल्ली याच्या नेमके उलट करतात, ते वादळाच्याच शोधात निघतात. जानेवारी २०१३ मध्ये आयर्लंडच्या ब्रँडन उपसागरात सुरू झालेल्या एका स्पर्धेची तारीखच ठरलेली नसे. मोठे वादळ येण्याचे चिन्ह दिसले की खेळाडूंनी सामान उचलून निघावयाचे. तिची अखेरची फेरी फेब्रुवारी २०१४ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर झाली आणि टोमा ट्राव्हर्सा हा फ्रेंच गडी जिंकला.

परंतु थंडी आणि वादळे यांहूनही अवघड असे एक प्रकरण या हिवाळ्यात असते. आपला वेग एकट्याला कळत नाही. वारा पळापळाला बदलतो. आज कालच्यापेक्षा लवकर पोहोचलो ते कौशल्याने की वाऱ्याच्या कृपेने, हे घड्याळ सांगत नाही. त्यासाठी शेजारून, त्याच वाऱ्यात, आपल्याच तोडीचा दुसरा गडी धावत असावा लागतो. एकाने शिडाचा ताण किंचित बदलावा, दुसऱ्याने काहीच बदलू नये, आणि अंतर वाढते की घटते ते पाहावे. मग अदलाबदल करावी. २००८ पासून टोकियोपर्यंतच्या चार ऑलिंपिकांत सर्वांची फळी एकाच नमुन्याची होती आणि पुरुषांचे शीड साडेनऊ चौरस मीटरचे. साधन सर्वांस सारखे, तेव्हा जे काही गवसेल ते अशा जोडीच्या सरावातूनच गवसावयाचे. आणि ते सोबत्याला मोकळेपणाने सांगावे लागते, नाही तर दोघांचाही हिवाळा फुकट जातो. आता अडचण अशी, की प्रत्येक देशास जागा एकच! मी मास्तरकीत आयुष्य घालविले. शिष्यवृत्ती एक आणि एका बाकावर दोन हुशार मुले असली, की पाठांतराची वही झाकून धरणारा हात मी पुष्कळदा पाहिला आहे.

हॉलंडच्या टेसेल बेटावरील डोरियन फान रायसेलबेर्खे याने २०१२ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. त्याच्याबरोबर सराव करणारा किरन बाडलू हा त्याच्याहून जवळजवळ सहा वर्षांनी लहान. दोघांचा शिक्षक एकच, न्यूझीलंडचा आरन मॅकिंटॉश. त्याने स्वतः २००० साली सिडनीत कांस्यपदक मिळविले होते. धाकट्याला शिकावयास याहून चांगली शाळा कोठे मिळणार? पण थोरल्याने शेजारी धावत ज्याचा वेग वाढविला, तोच २०१९ साली जगज्जेता झाला. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस, युरोपात हिवाळा आणि ऑस्ट्रेलियात उन्हाळा असताना, सोरेंटो येथील जागतिक स्पर्धा बाडलूने पुन्हा जिंकली आणि टोकियोची जागा त्याच्याकडे गेली. तिसऱ्या सुवर्णपदकाची थोरल्याची वाट तेथे बंद झाली, आणि ती बंद करणारा गडी त्याच्याच सोबत तयार झाला होता. मला या साऱ्या हकिकतीत पदकांपेक्षा हे अधिक मोठे वाटते. माझ्या वर्गात असे किती वेळा घडले, हे आठवू लागलो की बोटे शिल्लक उरतात.

साथीमुळे ती ऑलिंपिक स्पर्धा एक वर्ष लांबली. २०२१ च्या जुलै महिन्यात एनोशिमाच्या समुद्रावर बाडलू उतरला तो डोके भादरून, त्यावर निळा बाण काढून! एका चित्रमालिकेत वाऱ्यावर हुकमत चालविणारा एक मुलगा आहे, त्याच्या कपाळी तसा बाण असतो म्हणे. आपल्याकडचा गडी असता तर मारुतीचे नाव घेऊन उतरला असता. बाडलूने सुवर्णपदक जिंकले.

पुढे ती फळीही गेली. २०२४ साली मार्सेय येथे जी आली तिच्या पोटाखाली पंखासारखे पाते असते आणि वेग घेताच ती पाण्यापासून वर उचलली जाते. हॉलंडच्या एकमेव जागेवर त्या वेळी लूक फान ऑपझेलांट हा तिसराच गडी होता. त्याने कांस्यपदक आणले. पुढची स्पर्धा २०२८ साली पुन्हा लॉस एंजेलिस येथे आहे, आणि जागा तेव्हाही देशास एकच.